आकाशगंगेचे जुने दप्तर

म्हैसूरचा राजवाडा दिव्यांनी उजळलेला पाहावयाचा तर तो जवळून पाहू नये, चामुंडीच्या टेकडीवरून पाहावा, असे आमचे जुने मत आहे. रविवारी संध्याकाळी कळ दाबली जाते आणि सुमारे एक लाख दिवे एकाच क्षणी लागतात. अंगणात उभा राहणारा कमानी पाहतो, घुमट पाहतो, गर्दीत हरवलेली आपली मुले शोधतो. टेकडीवरून वेगळा दिवा असा दिसतच नाही. सगळ्यांचा मिळून एक पिवळसर, कडेला विरत गेलेला तेजाचा पुंजका दिसतो आणि थोड्या वेळाने तो एकदम नाहीसा होतो.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस आम्ही चार महाराष्ट्रीय कुटुंबे अशीच टेकडीवर गेलो होतो. कोणी बँकेतले, कोणी रेल्वेतले, एक गृहस्थ लेखापरीक्षण खात्यातले. त्यांच्याजवळ एक साधी दुहेरी दुर्बीण होती. राजवाड्याचे दिवे मालवल्यावर आम्ही जागा बदलून टेकडीच्या दक्षिण अंगास गेलो, शहराचा उजेड पाठीशी घेतला आणि नऊच्या सुमारास चित्रा नक्षत्राच्या ताऱ्यापासून सरळ खाली क्षितिजाकडे उतरत गेलो. दुर्बिणीत एक धुरकट, गोल, मध्यभागी दाट असा ठिपका आला. पाळीपाळीने सर्वांनी पाहिला. लेखापरीक्षण खात्यातल्या गृहस्थांनी सर्वांत अधिक वेळ पाहिला आणि मग त्यांच्या खात्यास शोभेल असाच प्रश्न विचारला : “हा 1,200 कोटी वर्षांचा आहे असे तुम्ही म्हणता, पण हे वय कोणी ठरवले, आणि कोणत्या कागदावरून?”

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे, काहीसे लांबलेले, उत्तर आहे.

प्रथम त्या ठिपक्याची ओळख करून देऊ. त्यास ‘ओमेगा सेंटॉरी’ म्हणतात. नरतुरंग मंडलात, त्रिशंकूच्या पूर्वेस, आपल्यापासून सुमारे 17,000 प्रकाशवर्षे अंतरावर हा गोलाकार तारकागुच्छ आहे. त्यात अदमासे एक कोटी तारे आहेत. नागपूर-पुण्याकडच्या वाचकांनी हे नाव ऐकले नसेल तर त्यांचा दोष नाही. पुण्याहून तो ऐन मध्यावर आला तरी 24 अंशांच्या वर चढत नाही, दिल्लीस जेमतेम 14 अंश, आणि तेवढ्या उंचीवर दिल्लीत धुळीवाचून दुसरे काही दिसत नाही. म्हैसुरास तो 30 अंश चढतो. अगस्त्याच्या ताऱ्याचीही हीच कथा आहे. उत्तरेकडच्यांस तो क्षितिजास चिकटलेला दिसतो आणि जसजसे दक्षिणेस यावे तसतसा वर येतो. विंध्य ओलांडून गेलेले अगस्त्य ऋषी परत आले नाहीत असे पुराण सांगते. दक्षिणेत बदली होऊन पुढे येथेच घर बांधलेल्या आमच्यासारख्यांस ह्या ऋषींविषयी विशेष आपलेपणा वाटतो.

टॉलेमीने ह्या गुच्छास तारा समजून आपल्या यादीत घातले होते. 1677 साली सेंट हेलेना बेटावर गेलेल्या एडमंड हॅलीने तो तारा नव्हे, असा शेरा मारला. पुढे शतकभराने शार्ल मेसिये ह्या फ्रेंच ज्योतिषाने आकाशातल्या धुरकट ठिपक्यांची सूची करावयास घेतली. ती ह्यासाठी की धूमकेतू शोधणाऱ्यांची त्यांच्यामुळे फसगत होऊ नये. म्हणजे ज्या वस्तूंवरून पुढे आकाशगंगेचा इतिहास लिहिला गेला, त्यांची पहिली मोठी यादी ‘इकडे लक्ष देऊ नये’ अशा हेतूने तयार झाली होती. मेसियेने सूचीचा पहिला भाग 1771 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. त्याच 1771 साली येथून थोड्याच अंतरावर, मोती तलावाजवळ, त्र्यंबकराव पेठे ह्यांच्या फौजेने हैदर अलीचा मोड केला होता. त्या फौजेतल्या एखाद्या पहाऱ्यावरच्या शिपायास दक्षिणेकडे हा ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसलाही असेल. त्या काळी म्हैसुरास विजेचे दिवे नव्हते.

मेसियेच्या यादीत सुमारे तीस गोलाकार गुच्छ निघाले. विल्यम हर्शेलने मोठ्या आरशाच्या दुर्बिणीतून त्यांचे तारे वेगळे करून दाखवले आणि त्यांस ‘गोलाकार गुच्छ’ हे नावही त्यानेच दिले. पण ते किती दूर आहेत आणि कशासाठी आहेत, हे विचारण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

येथे आमच्या मराठी परंपरेतल्या एका गोष्टीची आठवण होते. तारकागुच्छावरून काळ काढण्याचा उद्योग आपल्याकडे एका मराठी शिक्षकाने फार पूर्वी केला होता. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे मुरूडचे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 साली प्रसिद्ध झाला. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा आशयाचे एक वाक्य शतपथ ब्राह्मणात आहे. आज कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत नाहीत. अयनचलनामुळे त्या उत्तरेकडे सरकल्या आहेत. किती सरकल्या ते मोजून दीक्षितांनी ह्या वाक्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 3000 वर्षे असा काढला. ह्या अनुमानावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो संपला असे आम्ही म्हणणार नाही. वेदांगज्योतिषाच्या दुर्बोध श्लोकांवर दीक्षितांनी जे परिश्रम केले त्याच विषयावर पुढे म्हैसुरात, ‘अर्थशास्त्र’ उजेडात आणणाऱ्या शामशास्त्र्यांनी काम केले आणि 1936 मध्ये त्याची आवृत्ती काढली. ह्या दोघांनी गुच्छाची ‘जागा’ वापरून मनुष्याच्या ग्रंथाचे वय काढण्याचा मार्ग धरला होता. ज्यांचे वर्णन आम्ही करणार आहोत त्यांनी गुच्छाचे स्वतःचे वय काढले. गंमत अशी की आमच्या वाङ्मयात सर्वांत पुरातन म्हणून मिरवणारा कृत्तिकांचा गुच्छ आकाशात अगदी तान्हा आहे. त्याचे वय दहा-बारा कोटी वर्षे, म्हणजे ओमेगा सेंटॉरीच्या शतांशाइतके.

1912 ह्या सालाकडे आता वळू. आजचा म्हैसूरचा राजवाडा त्या साली पुरा झाला. तंजावरी मराठी घराण्यातले टी. आनंदराव, सर टी. माधवराव ह्यांचे चिरंजीव, त्याच साली म्हैसूरच्या दिवाणगिरीवरून उतरले आणि विश्वेश्वरय्या आले. आणि त्याच साली पुण्यात एक गोष्ट घडली, ती आम्हांस आजही डाचते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1888 मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली होती. तिची 20 इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानात सर्वांत मोठी होती. कावसजी नायगमवाला हे एकटे गृहस्थ ती वेधशाळा चालवीत. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. दुर्बिणीचीही दक्षिणेस बदली होते, असे म्हणून आम्ही मंडळी हसतो. पण त्या हसण्यात अर्थ नाही. ज्या दहा वर्षांत गोलाकार गुच्छांनी जगाचा नकाशा बदलला त्याच दहा वर्षांच्या तोंडाशी महाराष्ट्राने आपली एकुलती एक मोठी दुर्बीण गमावली, आणि नायगमवालांच्या जागी दुसरा माणूस तयार केलेला नव्हता.

त्याच 1912 साली अमेरिकेत, हार्वर्ड वेधशाळेत, हेन्रिएटा लेव्हिट ह्या बाईंनी 25 रूपविकारी ताऱ्यांची एक छोटी सारणी प्रसिद्ध केली. हे तारे नियमाने तेजस्वी व मंद होत असतात. ज्याचा फेरा लांब तो मुळात अधिक तेजस्वी, असे बाईंच्या ध्यानात आले. अधिकाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर ताऱ्याच्या पगाराची श्रेणी त्याच्या फेऱ्यावरून कळू लागली. मुळातले तेज कळले आणि दिसणारे तेज मोजले की अंतर निघते.

हे साधन हार्लो शॅप्लीच्या हाती पडले. माउंट विल्सनवरच्या 60 इंची दुर्बिणीने त्याने 1914 ते 1918 ह्या काळात गोलाकार गुच्छांचा पाठपुरावा केला. (दिवसा त्याला काम नसे, तेव्हा तो वेधशाळेच्या भिंतीवरून धावणाऱ्या मुंग्यांचा वेग आणि हवेचे तापमान ह्यांचा संबंध मोजीत असे, आणि त्यावरही त्याने निबंध लिहिले.) गुच्छांत एका दिवसाहून लहान फेऱ्याचे रूपविकारी तारे विपुल असतात, सोलन बेली ह्याने ते पूर्वीच शेकड्यांनी हुडकून ठेवले होते. त्यांच्यावरून शॅप्लीने जवळजवळ शंभर गुच्छांची अंतरे ठरवली आणि ती अवकाशात मांडून पाहिली. तेव्हा दिसले की गुच्छ आपल्या सभोवार सारखे पसरलेले नाहीत. त्यांचा फार मोठा भाग धनू राशीच्या बाजूस एकवटला आहे. गुच्छांची मांडणी आकाशगंगेच्या केंद्राभोवती असणार, तर ते केंद्र आपण नव्हे; ते धनू राशीच्या दिशेने फार दूर आहे, असा निष्कर्ष त्याने काढला.

तोवर सूर्य आकाशगंगेच्या मध्याजवळ आहे असे बहुतेक ज्योतिषी धरून चालत. कोपर्निकसाने पृथ्वीस मध्यावरून उठवले आणि शॅप्लीने सूर्यास उठवले, असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि ती वावगी नाही. मात्र शॅप्लीचा आकडा चुकला. त्याने केंद्र 50,000 प्रकाशवर्षांहून दूर मानले. ते सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर आहे. ताऱ्यांमधल्या धुळीने प्रकाश मंदावतो, हे 1930 मध्ये ट्रम्पलरने दाखवीपर्यंत नीट कळले नव्हते. शिवाय आपल्या आकाशगंगेच्या अवाढव्य आकारामुळे तिच्याबाहेर दुसऱ्या दीर्घिका असणे त्याला असंभवनीय वाटले. 1920 च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला कर्टिसशी झालेल्या वादात ह्या मुद्द्यावर तो चुकीच्या बाजूस होता. केंद्राच्या बाबतीत बरोबर आणि दीर्घिकांच्या बाबतीत चूक, असा हा माणूस एकाच कागदावर दोन्ही करून बसला.

आकाशगंगेचे केंद्र मूळ नक्षत्राच्या जवळच्या दिशेस येते. ह्यावरून ‘मूळ’ म्हणजे विश्वाचे मूळ आमच्या पूर्वजांस ठाऊक होते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही, सहमतही होत नाही.

आता वयाच्या कागदाकडे. त्यासाठी राजवाड्याच्या दिव्यांकडे पुन्हा जावे लागेल. समजा, ते दिवे एकाच वेळी लागले, पुन्हा कधी मालवले नाहीत, आणि त्यांत लहानमोठ्या सर्व शक्तींचे दिवे आहेत. समजा, मोठा दिवा आपले तेल फार उधळेपणाने जाळतो. मग काही काळाने सर्वांत मोठे दिवे विझतील, नंतर त्याखालचे. ह्या क्षणी पेटलेल्या दिव्यांत सर्वांत मोठा कोणता, एवढे पाहिले की कळ केव्हा दाबली होती ते सांगता येईल. गुच्छातले तारे असेच आहेत. ते जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले, आपल्यापासून सारख्याच अंतरावर असलेले, पण निरनिराळ्या वस्तुमानांचे. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा दोन-तीन कोटी वर्षांत संपतो. सूर्यास 1,000 कोटी वर्षांचे आयुष्य आहे. गोलाकार गुच्छांत सूर्याएवढे तारे आपला सरळ मार्ग सोडून, फुगून, तांबडे राक्षसी तारे होऊन विझूनही गेले आहेत. सूर्याच्या आठ-दशांश वस्तुमानाचे तारे आत्ता त्या वळणावर येऊन पोचले आहेत. ह्यावरून गुच्छांची वये 1,100 ते 1,300 कोटी वर्षांच्या घरात येतात. लेखापरीक्षकांनी मागितलेला कागद तो हाच. त्यावर एका बाजूस ताऱ्यांचा रंग आणि दुसऱ्या बाजूस तेज मांडलेले असते. 1950 च्या सुमारास सँडेज, आर्प व बाउम ह्या तरुणांनी पालोमारच्या नव्या दुर्बिणीच्या मदतीने तो प्रथम इतक्या खोलवर उतरवून काढला की वळणाचा बिंदू दिसला.

ह्या कागदाचा अर्थ लावण्याच्या कामी 1955 साली फ्रेड हॉइल व मार्टिन श्वार्झशिल्ड ह्यांनी म्हाताऱ्या ताऱ्यांचे गणित करून दाखवले. हेच हॉइल पुढे आमच्या जयंत नारळीकरांचे गुरू झाले, आणि येथे ह्या हकिगतीस मराठी वळण लागते.

नारळीकर कोल्हापुरास 1938 मध्ये जन्मले, पण वाढले बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. परप्रांतात वाढलेल्या मराठी मुलांची जी जात असते त्यांपैकी ते एक. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातली ‘चार नगरे’ म्हणजे बनारस, केंब्रिज, मुंबई व पुणे. विश्वाचा एका महास्फोटात आरंभ झाला, हे मत त्यांना अखेरपर्यंत मान्य झाले नाही. त्यांच्या हातात जे शस्त्र होते ते आमच्या गोलाकार गुच्छांचेच होते. 1990 नंतरच्या काही वर्षांत पेच असा पडला होता की गुच्छांची वये 1,500 कोटी वर्षांच्या आसपास येत, आणि विश्वाच्या प्रसरणावरून काढलेले विश्वाचे वय मात्र 800 ते 1,200 कोटी वर्षे. मुलगा बापाहून मोठा! 1993 मध्ये हॉइल, बर्बिज व नारळीकर ह्यांनी आपला पर्यायी सिद्धांत मांडला. त्याची कसोटीही नारळीकरांनी स्वतःच सांगितली : आमचे खरे असेल तर 4,000-5,000 कोटी वर्षांचे तारे कोठेतरी सापडले पाहिजेत. स्वतःच्या सिद्धांतावर असा फास स्वतःच्या हाताने टांगून ठेवणारे शास्त्रज्ञ थोडे असतात.

पेच सुटला, पण त्यांच्या बाजूने सुटला नाही. 1997 मध्ये हिप्पार्कस उपग्रहाची मोजमापे प्रसिद्ध झाली. त्यांवरून गुच्छ वाटले होते त्याहून दूर, म्हणून मुळात अधिक तेजस्वी, म्हणून अधिक तरुण ठरले. पुढच्याच वर्षी विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे आढळले आणि विश्वाचे वय वर सरकले. आज ते 1,380 कोटी वर्षे धरतात. गुच्छ त्याच्या आत बसले. 4,000 कोटी वर्षांचा तारा अद्याप कोणास मिळालेला नाही. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात निवर्तले. ज्या शहराने 1912 मध्ये वेधशाळा गमावली त्याच शहरात 1988 मध्ये त्यांनी खगोलविज्ञानाची आंतरविद्यापीठीय संस्था उभी केली होती. एका बाजूचे नुकसान दुसऱ्या बाजूने भरून निघते असे आम्ही म्हणत नाही, पण हिशेबात दोन्ही रकमा लिहावयास हव्यात.

वय कळले, तरी गुच्छांचा खरा उपयोग पुढेच आहे. पेशवे दप्तराचे रुमाल सोडून सरदेसायांनी 45 खंड छापले, ते नुसते ‘हे कागद जुने आहेत’ हे सांगण्यासाठी नव्हे. कोण कोठून आला, कोणाच्या पदरी होता, हे त्यातून कळते. गुच्छांचेही तसेच. प्रत्येक गुच्छाच्या दप्तरात वयाखेरीज आणखी दोन नोंदी असतात. एक त्याच्या ताऱ्यांतल्या जड मूलद्रव्यांची आणि दुसरी त्याच्या भ्रमणमार्गाची. आरंभी विश्वात हायड्रोजन आणि हीलियम ह्यांखेरीज जवळजवळ काही नव्हते. लोह, कॅल्शियम इत्यादी सर्व जड द्रव्ये ताऱ्यांच्या पोटात शिजून, ते फुटल्यावर बाहेर पडली. म्हणून ज्या ताऱ्यात लोह थोडे तो आधीच्या पिढीचा, किंवा मग अशा लहान घरात जन्मलेला की जेथे स्वयंपाकच थोडा होत असे. वर्णपटावरून हे लोह मोजता येते.

1944 मध्ये वॉल्टर बाडे ह्याने ताऱ्यांच्या दोन जाती सांगितल्या, एक आकाशगंगेच्या तबकडीतली तरुण आणि दुसरी गोलाकार गुच्छांतली वृद्ध. तो जर्मन नागरिक असल्यामुळे युद्धकार्यात त्याला घेतले नव्हते. लॉस एंजेलिसचे दिवे युद्धामुळे मंद होते, आणि माउंट विल्सनची 100 इंची दुर्बीण त्याला जवळजवळ एकट्यास मिळाली. 1962 मध्ये एगेन, लिंडेन-बेल व सँडेज ह्या तिघांनी सूर्याजवळच्या 221 ताऱ्यांवरून एक सुंदर सिद्धांत रचला. ज्यांच्यात जड द्रव्ये कमी त्यांच्या कक्षा फार लांबट. ह्याचा अर्थ असा की वायूचा एकच विराट ढग सुमारे 20 कोटी वर्षांत झपाट्याने कोसळून आकाशगंगा झाली. कोसळताना जन्मलेले तारे व गुच्छ बाहेरच्या प्रभामंडलात राहिले आणि उरलेला वायू फिरत फिरत तबकडी होऊन बसला. एक घराणे, एक मूळ पुरुष, एक वंशवृक्ष. अशी कहाणी मनास चटकन पटते.

ती पटण्याजोगी असली तरी 1978 मध्ये लिओनार्ड सर्ल व रॉबर्ट झिन ह्यांनी तिला मोठे भगदाड पाडले. त्यांनी 19 गोलाकार गुच्छांतल्या राक्षसी ताऱ्यांची जड द्रव्ये मोजली. एकच ढग बाहेरून आत कोसळला असेल तर केंद्रापासून दूरच्या गुच्छांत लोह क्रमाने कमी कमी होत गेले पाहिजे. तसे दिसेना. बाहेरच्या प्रभामंडलात लोहाची कमी-जास्त प्रमाणे कशीही मिसळलेली होती. शिवाय सारखे लोह असलेल्या गुच्छांतही ताऱ्यांच्या रंगांची मांडणी निरनिराळी होती. ती वयांच्या फरकाने नीट उलगडत होती. बाहेरचे गुच्छ एका घरातले नव्हेतच, असे त्यांनी सुचवले. मूळ आकाशगंगा तयार झाल्यावरही दीर्घकाळ लहान लहान तुकडे बाहेरून येऊन तिच्यात विलीन होत होते, आणि प्रत्येकाने आपले गुच्छ बरोबर आणले.

ह्यास प्रत्यक्ष पुरावा मिळावयास 1994 साल उजाडावे लागले. केंब्रिजच्या इबाटा, गिलमोर व अर्विन ह्यांस धनू राशीत, आकाशगंगेच्या केंद्राच्या पलीकडे, एक संबंध लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विरघळत असलेली आढळली. तिच्या अगदी मध्यावर मेसियेच्या यादीतला 54 क्रमांकाचा गुच्छ बसलेला निघाला. मेसियेने तो 1778 मध्ये पाहिला होता. म्हणजे 216 वर्षे तो आमच्या आकाशगंगेच्या हजेरीपटावर ‘स्थानिक’ म्हणून लागला होता आणि होता मात्र परका, तोही अद्याप सामान न उतरवलेला.

म्हैसुरास ही गोष्ट सांगताना आम्हांस नेहमी तंजावरी मराठी बोलणारी घराणी आठवतात. व्यंकोजीराजांच्या मागून सतराव्या शतकात दक्षिणेत गेलेली, पुढे त्रावणकोर, म्हैसूर, बडोदे येथे दिवाणगिऱ्या केलेली. तीनशे वर्षांनंतरही त्यांच्या घरातली मराठी ऐकली की दोन वाक्यांत मूळ कळते. शब्द जुने, हेल तमिळ. गुच्छांचेही मूळ असेच दोन नोंदींवरून कळते. मोठ्या दीर्घिकेत लोह लवकर साठते, कारण तिचे गुरुत्वाकर्षण फुटलेल्या ताऱ्यांचा माल बाहेर जाऊ देत नाही. लहान दीर्घिकेत ते सावकाश साठते. म्हणून वय आणि लोह ह्यांचा आलेख काढला की गुच्छांच्या दोन रांगा पडतात. सारख्याच वयाचे दोन गुच्छ घ्यावेत. ज्यात लोह अधिक तो येथला, ज्यात कमी तो बहुधा बाहेरून आलेला.

दुसरी नोंद, भ्रमणमार्गाची, गाइया ह्या युरोपीय उपग्रहाने भरून काढली. तो 2013 मध्ये सोडला होता. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दुसऱ्या सूचीत शंभराहून अधिक कोटी ताऱ्यांच्या गती होत्या. त्याच वर्षी दोन निरनिराळ्या गटांस असे आढळले की सुमारे 1,000 कोटी वर्षांपूर्वी एक चांगली मोठी दीर्घिका आपल्या आकाशगंगेवर येऊन आदळली आणि तिच्यात मिसळली. तिचे तारे आजही लांबट कक्षांतून हिंडताना ओळखू येतात. 1962 च्या त्रयीला ज्या लांबट कक्षा दिसल्या होत्या त्यांतल्या पुष्कळशा ह्या आगंतुकांच्याच. निरीक्षण खरे होते. त्याचा लावलेला अर्थ बदलला. 2019 मध्ये मसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 151 गुच्छांची खानेसुमारी केली. त्यांतले सुमारे 40 टक्के येथेच जन्मलेले निघाले आणि 35 टक्के ओळखीच्या पाहुण्या दीर्घिकांबरोबर आलेले. उरलेल्यांच्या मूळ गावाविषयी अजून चौकशी चालू आहे.

ह्या चौकशीत आपल्या देशाचाही वाटा आहे. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने (कोडाईकनालची वेधशाळा, म्हणजे पर्यायाने पुण्याची दुर्बीण, आता तिच्याच पदरी आहे) तयार केलेली अतिनील किरणांची दुर्बीण 28 सप्टेंबर 2015 रोजी ॲस्ट्रोसॅट उपग्रहातून वर गेली. अतिनील प्रकाशात गुच्छातली तांबड्या ताऱ्यांची दाटी मावळते आणि मोजके तप्त तारे उठून दिसतात; ज्यांच्या रंगांवरून सर्ल व झिन ह्यांनी वयाचे अनुमान केले होते त्यांतलेच काही तारे अशा रीतीने एकेक करून तपासता येतात. अन्नपूर्णी सुब्रमण्यम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक गोलाकार गुच्छांचा अभ्यास केला आहे. खुद्द म्हैसुरातही, चामुंडीच्या पायथ्याशी, विद्यापीठाच्या आवारात, ह्याच संस्थेच्या पुढाकाराने तारामंडळ व विश्वविज्ञानाच्या शिक्षणाचे केंद्र उभारण्याची पायाभरणी 2022 च्या मार्चमध्ये झाली.

राहता राहिला आमचा ओमेगा सेंटॉरी. तो खरोखर गुच्छ आहे की नाही, हाच आता प्रश्न आहे. गुच्छातले तारे एकाच वेळी जन्मलेले, असे आम्ही वर म्हटले. ह्यात मात्र निरनिराळ्या लोहाच्या अनेक पिढ्या सापडतात. तो आकाशगंगेच्या फिरण्याच्या उलट दिशेने फिरतो. 2024 च्या जुलैत हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांवरून त्याच्या मध्यभागी सात तारे असे आढळले की इतक्या वेगाने जाणारे तारे तेथे टिकूच नयेत. त्यांस धरून ठेवणारे कृष्णविवर निदान 8,200 सूर्यांच्या वस्तुमानाचे असले पाहिजे. हे सर्व जमेस धरून पुष्कळ ज्योतिषी म्हणतात की हा गुच्छ नव्हे. फार पूर्वी येऊन लयास गेलेल्या एखाद्या दीर्घिकेचे हे उघडे पडलेले काळीज आहे. बाकीचे शरीर आकाशगंगेने कधीच आपलेसे केले. 2024 मध्येच जेम्स वेब दुर्बिणीने गुच्छांचा जन्मकाळही पाहिला. विश्वाच्या आरंभानंतर 46 कोटी वर्षांनी असलेल्या एका चिमुकल्या दीर्घिकेत पाच नवजात, दाट तारकागुच्छ तिला दिसले.

हे सर्व आम्ही टेकडीवर त्या रात्री थोडक्यात सांगितले. लेखापरीक्षक गृहस्थांनी ऐकून घेतले आणि 35 व 40 मिळून 75 होतात, बाकीच्या 25 टक्क्यांचा खुलासा कोणी केव्हा द्यावयाचा, अशी विचारणा केली. तोवर पश्चिमेकडून ढग आले होते. ज्यांना स्वतः पाहावयाचे असेल त्यांनी एप्रिलच्या मध्यास मध्यरात्री किंवा मेच्या अखेरीस रात्री नऊ-सव्वानऊस दक्षिणेकडे तोंड करून चित्रेच्या खाली 36 अंश उतरावे. जूनमध्ये पावसाळा सुरू झाला की मग थेट हिवाळ्यात, पहाटेच्या आत उठूनच तो भेटतो.